द्राक्षं आपली, सही दिल्लीची: राज्यांनी परदेशांशी बोलावं का?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. आमची तासगाव तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. थोडा माल निर्यातीला, थोडा खायचा म्हणून देशातल्या बाजाराला, आणि दर पडला की उरलेला बेदाण्याच्या रॅकवर. परवा बेदाण्याच्या सौद्याला गेलो होतो. सौदे संपल्यावर पाच-सात जण चहाला थांबलो, तर सगळं बोलणं परदेशाचंच. एक जण म्हणाला, चीनचा बेदाणा आडमार्गानं शिरतोय, त्यानं दर बसला. दुसऱ्याचं गाऱ्हाणं बांगलादेशाचं. तिथलं आयात शुल्क वाढलं तसा व्यापारी तिकडची गाडी भरायला नको म्हणतो. मी मागं एका कचेरीत याबद्दल विचारलं होतं. उत्तर मिळालं, "हा विषय केंद्राचा."

असेल केंद्राचा. पण बाग राज्यात, पाणी राज्याचं, आणि युरोपला जाणाऱ्या प्लॉटची नोंदणी करून घेणारा कृषी अधिकारीही राज्याचाच. माल बंदराच्या पुढं सरकला की राज्याचा हात संपतो, असं कसं?

2010 चा हंगाम मला चांगला आठवतो. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला. आपण त्याला लिहोसिन म्हणतो, काडीची वाढ रोखायला मारायचो. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. आम्हाला त्याआधी हा आकडा कुणी सांगितला नव्हता. कंटेनर रॉटरडॅमला अडकले. वडील महिनाभर रोज संध्याकाळी व्यापाऱ्याला फोन करायचे आणि फोन ठेवून काही न बोलता बागेत जायचे.

दुसरी गोष्ट घरातलीच. पुतणी मिरजेत नर्सिंग करते. आपल्या राज्य सरकारनं 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, 10 हजार कुशल तरुण पाठवायचे म्हणून. ते ऐकून तिनं जर्मनचा क्लास लावलाय. मग माणसं पाठवायला राज्य परदेशाशी बोलू शकतं आणि द्राक्षं पाठवायला नाही, हे कोणत्या नियमात बसतं? जाणकारांनी सांगावं.

मिरज_जंक्शन

येरळाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळी मेख आहे. मी राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो, जमेल तेवढं सोपं करून लिहितो.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूची आहे. तिच्यातली 10 वी नोंद परराष्ट्र व्यवहारांची, 14 वी परदेशांशी तह आणि करार करण्याची, 41 वी परदेशांशी व्यापाराची. आता राज्य सूची उघडा. तिथली 14 वी नोंद शेतीची आहे. तुमचा सगळा झगडा या दोन चौदाव्या नोंदींतला. त्यात भर अनुच्छेद 253 ची. परदेशाशी केलेला करार अमलात आणायला संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, तो विषय राज्याचा असला तरी. आणि करारावर सही करण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी असंही बंधन आपल्याकडे नाही. म्हणजे शेतीवर परिणाम करणारा व्यापार करार मंत्रिमंडळ करू शकतं आणि कायद्याने मुंबईला विचारायची गरज पडत नाही.

बाडेन-व्युर्टेम्बर्गचं प्रकरण वेगळं. ते दोन राज्यांमधलं सहकार्य आहे, दोन सार्वभौम देशांमधला तह नव्हे. भाषा शिकवणं, कौशल्य देणं ही कामं राज्याच्या कक्षेतली. व्हिसा मात्र जर्मनीचं केंद्र सरकार देणार आणि पासपोर्ट भारताचं. द्राक्षावर किती शुल्क लावायचं हे ठरवायचा अधिकार ना महाराष्ट्राला, ना बाडेन-व्युर्टेम्बर्गला. जर्मनीच्या वतीने ते युरोपीय संघ ठरवतो. त्यामुळे त्या दोघांनी कितीही मैत्री केली तरी द्राक्षाची पेटी एक रुपयानेही स्वस्त होत नाही.

परराष्ट्र मंत्रालयात 2014 पासून राज्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, हेही सांगून ठेवतो. त्याचं काम राज्यांना परदेशी गुंतवणूक, दौरे, करार यांत मदत करण्याचं. दार आहे, पण ते दिल्लीच्या बाजूने उघडतं.

मिलिटरी_अपशिंगे

सर, माहिती चांगली दिलीत. माझं मत स्पष्ट सांगतो. परराष्ट्र व्यवहारात देशाचा आवाज एकच पाहिजे. मी फौजेत सुभेदार होतो, नोकरीतली काही वर्षं सिलीगुडीच्या बाजूला काढली. तिथून नेपाळ, भूतान, बांगलादेश सगळे हाकेच्या अंतरावर. सप्टेंबर 2011 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला जायला निघाले, तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा तयार होता, आणि आयत्या वेळी मुख्यमंत्री ममता बॅनर्जी दौऱ्यातून बाहेर पडल्या. करार झाला नाही. त्यानंतर ढाक्यात भारताच्या शब्दाची काय किंमत राहिली असेल? एका राज्यासाठी देशाने मान खाली घालायची का?

उद्या प्रत्येक राज्य आपापला परराष्ट्रमंत्री नेमेल. 2024 मध्ये केरळने एका सनदी अधिकाऱ्याकडे 'बाह्य सहकार्य' असा कारभार सोपवला, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने जाहीरपणे सांगितलं की राज्यांनी आपल्या अधिकाराबाहेरच्या विषयात पडू नये. मला ते पटलं.

येरळाकाठ, तुमच्या बागेचं दुःख मला कळतं. आमच्या गावातही शेतीच आहे.

कोयनेचा_वारा

वाचतोय. चांगला धागा.

अजिंक्यतारा

सुभेदार साहेब, आपल्या मताचा आदर ठेवून साताऱ्याची एक गोष्ट सांगतो, कारण या विषयाची किंमत आमच्या गावाने फार पूर्वी मोजली आहे.

25 सप्टेंबर 1819 रोजी प्रतापसिंह महाराज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. राज्य महाराजांना मिळालं, पण एक कलम असं होतं की कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी किंवा संस्थानिकाशी पत्रव्यवहार करायचा नाही. जहागिरदारांवरचा हक्क आणि इतर तक्रारींवरून पुढे कुरबुर वाढली आणि महाराजांवर आरोप आला की गोव्याच्या पोर्तुगीजांशी त्यांनी गुप्त संधान बांधलं. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. तिथेच 1847 मध्ये ते वारले.

त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. सुमारे 14 वर्षं राहिले. इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत बाजू मांडली, पत्रकं छापली, पार्लमेंटच्या सभासदांची दारं ठोठावली. दरम्यान 1848 मध्ये डलहौसीने सातारा खालसाही केला. राज्य गेलं तरी राज्याचा वकील लंडनमध्ये उभाच होता. साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकावर गेलो की मला 1857 च्या आधी ही 14 वर्षं आठवतात. परक्या देशात, परक्या भाषेत, पदरचे पैसे संपत आलेले असताना एक माणूस रोज उठून साताऱ्याचं म्हणणं मांडत होता.

आजचं राज्य म्हणजे मांडलिक संस्थान नव्हे आणि दिल्ली म्हणजे कंपनी सरकार नव्हे, हे मला पूर्ण मान्य. दिल्ली आपलीच आहे. म्हणून तर आपलं म्हणणं तिच्यामार्फत बाहेर पोचलं पाहिजे असा आग्रह धरता येतो. रंगो बापूजींना ती सोय नव्हती.

अवांतर: परराष्ट्रमंत्री पदावर बसलेला माणूस आपल्या भागाने दिला आहे. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण 1974 ते 1977 परराष्ट्रमंत्री होते. 1976 मध्ये श्रीलंकेशी सागरी सीमेचा जो करार आणि पत्रव्यवहार झाला तो त्यांच्याच काळातला. कच्चतिवू बेट 1974 मध्येच श्रीलंकेकडे गेलं होतं. तमिळनाडूचे मच्छीमार त्याबद्दल आजही बोलतात, की आमच्या समुद्राची रेघ आखताना आम्हाला कुणी विचारलं नाही. मला यशवंतरावांबद्दल अपार आदर आहे, तरी हे लिहावं लागतं.

मिरज_जंक्शन

अजिंक्यतारा, छान लिहिलंत.

सुभेदार साहेब, तिस्तेच्या गोष्टीला जोडून गंगेची गोष्ट पाहा. डिसेंबर 1996 मध्ये भारत आणि बांगलादेश यांच्यात फराक्क्याच्या पाण्याचा 30 वर्षांचा करार झाला. तेव्हाही बंगालमध्ये दिल्लीहून वेगळ्या पक्षाचं सरकार होतं, तेव्हाही पाणी राज्याचा विषय होता. पण मुख्यमंत्री ज्योती बसू त्या वाटाघाटींत सुरुवातीपासून होते, स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. करार टिकला. राज्य तेच, शेजारी तोच, प्रश्न पाण्याचाच. 1996 मध्ये राज्याला आधी विश्वासात घेतलं, 2011 मध्ये मसुद्यातल्या आकड्यांवरून शेवटच्या घटकेला बिनसलं. देशाची मान खाली जायची नसेल तर राज्याला उशिरा सांगून चालत नाही, असा धडा मी यातून घेतो.

आणि भू-सीमा करार. 2015 मध्ये घटनेची 100 वी दुरुस्ती झाली, एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भारताच्या 111 आणि बांगलादेशाच्या 51 वस्त्यांची अदलाबदल झाली. तोवर बंगालची संमती मिळाली होती, काम निर्विघ्न झालं.

नेकरकाठ

माहेर सांगलीचं, विश्रामबाग. गेली अकरा वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. येरळाकाठदादा, तुमच्या पुतणीबद्दल वाचलं म्हणून लिहायला बसले.

आधी इथली पद्धत सांगते. जर्मनीच्या घटनेच्या 32 व्या कलमात लिहिलंय की परराष्ट्र संबंध हे केंद्राचं काम. पण पुढच्याच वाक्यात असं आहे की एखाद्या करारामुळे एखाद्या राज्याच्या खास परिस्थितीवर परिणाम होणार असेल, तर करार होण्याआधी त्या राज्याचं म्हणणं वेळेत ऐकून घेतलं पाहिजे. 'वेळेत' हा शब्द घटनेत आहे! तिसरं वाक्य असं की जे विषय राज्याच्या कायद्याच्या कक्षेत येतात त्यांवर राज्य स्वतः परदेशाशी करार करू शकतं, केंद्राची संमती घेऊन. 1990 च्या दशकात युरोपीय संघाकडे जास्त अधिकार गेले तेव्हा राज्यांनी 23 वं कलम नव्याने लिहून घेतलं. शाळा, संस्कृती, प्रसारण असे निव्वळ राज्यांचे विषय असले तर ब्रुसेल्सच्या बैठकीत जर्मनीच्या वतीने राज्यांचा प्रतिनिधी बसू शकतो.

उदाहरण माझ्या नळातच आहे. आमच्याकडे पिण्याचं पाणी बोडेन्से या मोठ्या तलावातून दीडशेच्या आसपास किलोमीटर लांबून नळाने येतं. तलावाच्या काठावर जर्मनीची दोन राज्यं, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. 1960 मध्ये तलाव स्वच्छ ठेवण्याचा करार झाला, त्यात एका बाजूला ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड हे देश, दुसऱ्या बाजूला बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया ही राज्यं. सांगलीत कृष्णेच्या काठी वाढलेल्या मुलीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

महाराष्ट्राशी असलेलं नातंही जुनं आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. पुतणीबद्दल खाली वेगळं लिहिते, आत्ता ड्यूटी आहे.

हळदपेठ

मार्केट यार्डात आमची तिसरी पिढी, हळदीची आडत. मला दोन्ही बाजू पटतात, कारण दोन्ही अनुभवल्यात.

1995 मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्यासाठी पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या आजीनं केलं ते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत-उर्दू ग्रंथ पुरावे म्हणून लावले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. हे काम एकट्या राज्याच्या आवाक्यातलं नव्हतं. इथं दिल्लीची ताकदच कामी आली. सुभेदार साहेबांचा मुद्दा मी इथं मान्य करतो.

आता दुसरी बाजू. कांद्याची निर्यातबंदी बघा. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, परत डिसेंबर 2023. प्रत्येक वेळी एका रात्रीत. बांगलादेश आपल्या कांद्यावर बराचसा अवलंबून. तिकडं कांद्याचे भाव भडकतात, लोक भारताला बोल लावतात. मग त्यांनी आपल्या संत्र्यावरचं शुल्क वाढवत नेलं. व्यापारात सगळेच म्हणतात की एकाचा राग दुसऱ्यावर निघाला. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं काय केलं? संत्रा निर्यातदारांना त्या शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर केलं. किलोला 44 रुपये. म्हणजे परदेशानं लावलेला कर आपल्या राज्याच्या तिजोरीतनं भरायचा. निर्णय दिल्लीचा, राग ढाक्याचा, बिल मुंबईचं. हे ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की राज्याला या टेबलावर खुर्ची पाहिजे. पैसे आपण भरणार असू तर आधी विचारा तरी.

गुहागरची_लेक

सासर सांगली, माहेर गुहागर तालुका. त्यामुळे राज्यानं परदेशी कंपनीशी थेट व्यवहार केला की काय होतं ते आम्ही जवळून पाहिलंय.

दाभोळचा वीज प्रकल्प. 1992 मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार, 1993 मध्ये वीज खरेदीचा करार राज्य वीज मंडळाचा. 1995 मध्ये सरकार बदललं, करार रद्द. 1996 मध्ये पुन्हा चालू. 2001 मध्ये बंद. माझ्या लहानपणी गावातल्या माणसांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. आणि शेवटी जेव्हा प्रकल्पातल्या भागीदार कंपन्या बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक भरपाई मागायला आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले, तेव्हा दावा भारत सरकारवर. मॉरिशसशी भारताचा गुंतवणूक करार होता, त्याचा आधार घेतला. केंद्रानं प्रतिहमी, म्हणजे राज्यानं पैसे थकवले तर आम्ही देऊ अशी हमी, दिलेलीच होती. 2005 मध्ये तडजोड होऊन मिटलं.

राज्याला बोलायचा हक्क पाहिजे म्हणताना हेही ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय कायदा राज्याला ओळखत नाही. राज्यानं केलेलं देशाला निस्तरावं लागतं. आमच्या गावाला तर दोघांनीही विचारलं नव्हतं.

आयर्विन_पूल

2005 चा पूर पाहिला, 2019 चा पाहिला. 2019 मध्ये पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पहिल्या मजल्यावर गुडघाभर. त्या आठ दिवसांनंतर मी या विषयाकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

पूरनियंत्रणासाठी राज्यानं जागतिक बँकेकडून मदत घ्यायचं ठरवलं. मी सगळे कागद वाचले. तेव्हा कळलं की घटनेच्या 293 व्या अनुच्छेदानुसार राज्याला कर्ज काढायचं तर ते भारताच्या हद्दीतच काढता येतं. परदेशी बँकेचं कर्ज दिल्लीच्या नावावर येतं आणि मग राज्याकडं. चर्चा करायला, प्रकल्प लिहायला, जागा दाखवायला राज्याचे अधिकारी, सही दिल्लीची, फेड राज्याची. तरीही या बाबतीत मला व्यवस्था चांगली वाटते, कारण इथं निदान तिघंही एका टेबलावर असतात. द्राक्षाच्या बाबतीत येरळाकाठ तेच तर मागताहेत.

नेकरकाठताई, बोडेन्सेचं वाचून मन भरून आलं. आमच्याकडं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायची की नाही यावर दोन राज्यं वर्षानुवर्षं लवादापुढं आहेत. दोन्हीकडं आपलीच माणसं. 1973 चा बच्छावत लवाद, 2010 चा ब्रिजेशकुमार लवाद. आणि आंतरराज्य परिषदेची बैठक शेवटची झाली 2016 मध्ये. शेजारच्या राज्याशी बोलायला जागा राहिली नाही, तिथं परदेशाशी बोलायचं पुढचं.

मिलिटरी_अपशिंगे

आयर्विन पूल, 2019 मध्ये आमच्या रेजिमेंटची पोरं तुमच्या भागात बोटी घेऊन होती. मी निवृत्त झालो होतो, पण रोज फोनवर होतो. तुमचं घर उभं राहिलं का?

आयर्विन_पूल

राहिलं साहेब. त्या पोरांनी माझ्या आईला खांद्यावरून उतरवलं. हे राहून गेलं होतं सांगायचं.

मिरज_जंक्शन

आता बाहेरच्या देशांचं थोडं, कारण हा प्रश्न आपला एकट्याचा नाही.

कॅनडात 1937 मध्येच न्यायनिवाडा झाला की करारावर सही केंद्र करील, पण विषय प्रांताचा असेल तर अंमलबजावणी प्रांतच करील. आपल्या 253 च्या बरोबर उलट. त्या जोरावर क्युबेकने 1961 मध्ये पॅरिसला स्वतःचं कार्यालय थाटलं. 1965 मध्ये तिथले शिक्षणमंत्री पॉल जेरँ-लाज्वा यांनी मॉन्ट्रियलच्या वाणिज्य दूतांपुढे मांडणी केली की घरात जो विषय आमचा, त्या विषयात परदेशाशी बोलण्याचा हक्कही आमचा. त्यातून ओढाताण झाली. 1968 मध्ये गॅबॉनने शिक्षण परिषदेला थेट क्युबेकला बोलावलं म्हणून कॅनडाने गॅबॉनशी संबंध स्थगित केले. देश फुटला मात्र नाही. आज क्युबेकचं एक कार्यालय मुंबईतही आहे.

बेल्जियम त्याहून पुढे. 1993 पासून तिथल्या प्रदेशांना आपल्या विषयांवर स्वतः करार करता येतात. ऑक्टोबर 2016 मध्ये कॅनडा आणि युरोपीय संघ यांचा व्यापार करार वालोनिया या एका प्रदेशाने अडवून धरला. लोकसंख्या साधारण 36 लाख. भीती दोन गोष्टींची: स्वस्त मांस येऊन आपले शेतकरी बुडतील, आणि कंपन्या सरकारवर लवादात दावे ठोकतील. मुख्य मंत्री पॉल माग्नेत यांच्यावर सगळ्या युरोपचा दबाव होता. काही दिवस ताणून त्यांनी लेखी खुलासे मिळवले, लवादाचा भाग युरोपीय न्यायालयाकडे मतासाठी पाठवायचं कबूल करून घेतलं, आणि 30 ऑक्टोबरला सही झाली. सांगलीसारख्या दोन-एक जिल्ह्यांत मावेल एवढी लोकसंख्या आणि एवढी ताकद. मला ही ताकद जरा जास्तच वाटते, खरं सांगायचं तर. एकाने सगळ्यांना थांबवावं अशी व्यवस्था आपल्या एवढ्या मोठ्या देशात चालणार नाही.

उलट टोक ऑस्ट्रेलियाचं. व्हिक्टोरिया राज्याने 2018 मध्ये चीनच्या 'बेल्ट अँड रोड' योजनेत सामील होण्याचा करार केला. केंद्राने 2020 मध्ये कायदाच केला की राज्यांचे असे करार आम्ही रद्द करू शकतो, आणि एप्रिल 2021 मध्ये तो रद्द केला. सुभेदार साहेब, तुमची काळजी अशा प्रसंगाची आहे आणि ती रास्त आहे.

माझा स्वतःचा कल जर्मनीच्या त्या 'वेळेत' या शब्दाकडे. नकाराधिकार नको. सही होण्याआधी, लेखी, ठरावीक मुदतीत राज्याला विचारणं बंधनकारक हवं. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने 2010 मध्ये याच दिशेची शिफारस केली आहे की राज्य सूचीतल्या विषयांना हात घालणाऱ्या करारांत राज्यांचा सहभाग असावा. अहवाल सरकारदरबारी आहेच.

हळदपेठ

सर, यात केरळ राहिला. 2009 मध्ये आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी व्यापार करार झाला तेव्हा रबर आणि मिरी पिकवणाऱ्यांसाठी तिथं 2 ऑक्टोबरला राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मानवी साखळी झाली. पण सही 13 ऑगस्टलाच होऊन गेली होती. साखळी एवढी मोठी आणि वेळ निघून गेलेली. म्हणून 'वेळेत' हाच शब्द धरून ठेवा.

आणि एक गोष्ट मनापासून. दरवर्षी जानेवारीत दावोसहून लाखो कोटींच्या सामंजस्य करारांच्या बातम्या येतात. 2025 मध्ये 15 लाख कोटींच्या वर होते. त्यात कितीतरी कंपन्या भारतातल्याच असतात. गुंतवणूक आली तर आनंदच आहे. पण त्या दौऱ्याच्या तयारीतला थोडा वेळ जरी द्राक्ष, बेदाणा, हळद, डाळिंब यांच्या शुल्कावर गेला, तर तासगावच्या माणसाला परदेश दौरा म्हणजे काय ते कळेल.

अजिंक्यतारा

+१. सगळेच दौरे वाया जातात असं मात्र नाही. कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना 2013 मध्ये महाराष्ट्राने जपानच्या वाकायामा प्रांताशी सहकार्याचा करार केला, तो पुढच्या सरकारांनीही चालू ठेवला.

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस रात्री बागेतनं आल्यावर हेच वाचतोय, घरातल्यांनाही वाचून दाखवलं.

माझ्या डोक्यात आता एवढं आलंय. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचे युरोपशी करार, म्हणून त्यांचं द्राक्ष तिथं सवलतीनं उतरत आलं. आपली बोलणी 2007 ला सुरू झाली, 2013 ला थांबली, 2022 ला परत सुरू झाली. मधल्या नऊ वर्षांत माझी एक बाग म्हातारी होऊन काढून टाकली आणि नवी लावली. त्या नऊ वर्षांत आपल्या जिल्ह्यातनं कुणी लेखी सांगितलं का, की आम्हाला हे-हे लागतंय? मी तरी सांगितलं नाही. व्यापारात गाऱ्हाणं घालत राहिलो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती असते, तिथं केंद्राच्या विदेश व्यापार खात्याचा माणूसही बसतो, असं सरांनी खासगी निरोपात कळवलं. मग सुरुवात तिथनंच करू. पत्र एका पानाचं. तीन मुद्दे: बेदाणा आयातीच्या उगमाची कडक तपासणी, बांगलादेशातल्या द्राक्ष शुल्काबद्दल केंद्राशी बोलणी, आणि युरोपच्या अंश-मर्यादेत बदल होणार असेल तर छाटणीच्या आधी मराठीतून सूचना. तिसरा मुद्दा वडिलांसाठी.

हळदपेठ अण्णा, तुम्ही हळदीचा मुद्दा घालाल का?

हळदपेठ

घालतो. यार्डात सह्याही घेतो. गुरुवारी या.

मिलिटरी_अपशिंगे

पत्र मला पाठवा. माझं मत बदललेलं नाही, आवाज एकच पाहिजे. पण त्या आवाजाला तासगावात काय चाललंय ते माहीत असलं पाहिजे, हे मान्य. आमच्या तालुक्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांना, आल्यावाल्यांनाही दाखवतो.

नेकरकाठ

येरळाकाठदादा, पुतणीसाठी.

एक. नर्स म्हणून काम करायला जर्मनची साधारण बी2 पातळी लागते. ए2 वर, म्हणजे त्याच्या दोन पायऱ्या खाली असताना, कुणी "चला" म्हणालं तर थांबायचं.

दोन. तिची नर्सिंगची पदवी इथे मान्य करून घ्यावी लागते आणि ते काम जर्मनीचं केंद्र सरकार करत नाही, राज्याचं खातं करतं. त्यामुळे ती कोणत्या राज्यात येणार ते आधी ठरवायचं आणि त्याच राज्याचे नियम वाचायचे. मिरजेतल्या कॉलेजातून विषयवार तासांचा दाखला आत्ताच मागून ठेवायला सांगा, नंतर धावपळ होते. माझ्या वेळी त्या एका कागदासाठी चार महिने गेले.

तीन. मध्ये कुणी एजंट असेल तर तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. केरळने 2021 मध्ये नॉर्का या आपल्या सरकारी संस्थेमार्फत थेट जर्मनीच्या रोजगार खात्याशी करार केला. त्या वाटेने आलेल्या दोघी माझ्याच वॉर्डात आहेत, त्यांना कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत.

तिचा क्लास किती पातळीपर्यंत आलाय? रविवारी दुपारी तिला माझ्याशी जर्मनमधून बोलायला सांगा. पहिले दोन-तीन रविवार अवघड जातील, मग जमेल.

येरळाकाठ

ताई, ए2 ची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आत्ता शेजारीच बसलीय. विचारतीय की रविवारी तुमच्याकडं दुपार म्हणजे आपल्याकडं किती वाजता.